दारापासून तिसरा दगड

बुधवारी सकाळी कचऱ्याचा डबा फाटकाकडे ओढत नेताना विनिफ्रेड प्रायरचा पाय स्वयंपाकघराच्या दारापासून तिसऱ्या दगडावर पडला आणि दगड हलला. एवढंच झालं. मार्चअखेर असं होतंच. थंडीत जमीन फुगते, ऊन लागलं की बसते, आणि त्यात पायवाटेतला एखादा दगड सैल होतो. वडील होते तेव्हा ते पहार घेऊन यायचे, नंतर नवरा, लेलँड, यायचा. लेलँड गेल्यापासून सहा वर्षं ती स्वतःच दगडाखाली मूठ-दोन मूठ वाळू सारत आली होती. चौसष्टाव्या वर्षीही आपल्याला हे जमतं याचं तिला थोडं कौतुकही होतं. तिनं डबा फाटकाशी ठेवला, शेडमधून पहार आणि वाळूची बादली आणली, कडेला पहारेचं टोक घातलं आणि वजन टाकलं. सोळा दगडांतला हा सगळ्यांत लहान. तो सहज उचलला गेला, कडेवर उभा राहिला, आणि खालच्या ओल्या मातीचा गार वास आला. गांडुळं आत सरकली. मातीवर बारीक उंचवटे होते, मुळ्यांसारखे. पण मुळ्या अशा सरळ ओळीत वाढत नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं दगडाच्या पोटावरून अंगठा फिरवला. माती सुटली. अंगठा एका गोल खाचेत शिरला आणि खाचेबरोबर फिरून पुन्हा होता तिथं आला.

ते अक्षर होतं. ओ. तिनं स्वेटरच्या बाहीनं पुढची माती पुसली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाचलं. ओथेनिया. एझ्रा आणि कोरा बोर्डली यांची मुलगी. चार वर्षं, दोन महिने. १९४९. खरं तर तो दगडही नव्हता. सिमेंटची लादी होती, आणि अक्षरं सिमेंट ओलं असताना खिळ्यानं ओढल्यासारखी वेडीवाकडी. नावातला एन उलटा होता. हे सगळं तिनं एका दमात वाचलं, आणि अर्थ लागायच्या आधीच तिच्या हातांनी दगड पुन्हा खाली ठेवला, जसा होता तसा, कडेला कड जुळवून. मग तिच्या लक्षात आलं की ती स्वतः चौथ्या दगडावर उभी आहे. ती गवतावर उतरली. दोन पायांचं काय करावं हे कळेना, अशी ती तिथं उभी राहिली. बुटांच्या जाड तळव्यांतून काहीतरी वर चढत होतं, थंडी म्हणावी तर थंडी नव्हती.

साडेआठ वाजले होते. टपाल कचेरीच्या झेंड्याची दोरी खांबावर टक टक आपटत होती. वाऱ्याच्या दिवशी ती सबंध वॉटर स्ट्रीटवर ऐकू येते. गल्लीपलीकडे जिनिव्हा लॅम्डिनचं जाळीचं दार दोनदा मिटलं, कारण ते एकदा मिटतच नाही. पोर्ट एमरीत राहणं म्हणजे हे. कुठलं दार कुणाचं, कुणाची गाडी थंडीत किती वेळ खोकते, कुणाच्या घरी आज खेकडे उकळताहेत, हे न बघता माहीत असणं. माणसं चार हजार, तरी शहर म्हणवायचं, कारण कुठल्यातरी जुन्या सनदेत तसं लिहिलं होतं. दारादारावर काळी पाटी, पाटीवर साल. तिच्या दारावर १७८४. शनिवार-रविवारी बाहेरची माणसं येऊन विटांच्या फुटपाथवरून हळू आवाजात बोलत जातात, देवळात आल्यासारखी, आणि सोमवारी शहर पुन्हा आपलं आपल्याला मिळतं. इथं कुणी कुणाला फारसं विचारत नाही, आणि त्यालाच चांगलं वळण म्हणतात. जुन्या इमारतींच्या समितीवर विनिफ्रेड बारा वर्षं होती. खिडकीच्या झडपांना कुठले अकरा रंग चालतात हे तिला पाठ होतं. जिन्याच्या कठड्यातले खिळे कुठल्या शतकातले हे ठरवायला तिनं दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. पुढच्या दाराच्या बिजागऱ्या कुठल्या लोहारानं घडवल्या त्याचं नाव तिला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचंही.

स्वयंपाकघरात येऊन तिनं कॉफी ओतली आणि ती प्यायची राहिली. नखांत माती होती. ती धुवावी की धुऊ नये हे तिला ठरवता येईना, आणि अशा साध्या गोष्टीवर आपण अडलो आहोत याचीच तिला भीती वाटली. ती वाट घातली तो दिवस तिला आठवत होता. ती सहा वर्षांची होती, जून महिना, शाळा नुकती सुटलेली. नगरपालिकेचा हिरवा ट्रक गल्लीत मागं मागं येत होता. वडील पांढऱ्या सदऱ्यात, बाह्या दुमडून, कमरेवर हात ठेवून उभे. तेच एलिस हान्स, शहराचे रस्ते ज्यांच्या हाताखाली होते ते. दोन काळे मजूर दगड उतरवत होते. आई जाळीआडून म्हणाली होती की बरं झालं, आता घरात चिखल येणार नाही. आणि वडील हसून म्हणाले होते, चांगले सपाट आहेत आणि एक पैसा पडला नाही. ही आठवण आजवर तिची आवडती होती. आईवडील एकमेकांकडे बघून हसताहेत अशा आठवणी तिच्याकडे फार नव्हत्या. आता तीच आठवण तिनं पुन्हा उघडली तर सगळं जिथल्या तिथं होतं, ऊन, ट्रक, आईचा निळा एप्रन. फक्त त्या ट्रकमध्ये काय होतं ते आता दिसत होतं. त्याच उन्हाळ्यात पुलाचा नवा रस्ता झाला. तो शहराच्या कडेनं काढला, चढावर जिथं काळ्या लोकांचं लहानसं चर्च होतं तिथून. चर्च दुसरीकडे हलवलं, असं सगळे म्हणत. तीही म्हणे. चर्चच्या मागं काय होतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पण म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं, असं शपथेवर सांगता येईल का? चर्चच्या मागं काय असतं?

तिनं भावाला फोन लावला. क्लेटन तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, आता फ्लोरिडात, समुद्राकाठच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होता. तिनं सांगितलं ते तिचं तिलाच तुटक वाटलं; दगड, खालचं नाव, चार वर्षं दोन महिने. पलीकडे जरा वेळ टीव्हीचा आवाज आला, मग तो बंद झाला.

"विनी," क्लेटन म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

खेकड्यांचा मोसम कधी सुरू होतो हे तुला माहीत नव्हतं का, असं विचारावं त्या सुरात. मग तोच सांगू लागला. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तिला कुणी मुद्दाम सांगितलं नाही इतकंच. घालताना एक दगड सरळ पडला होता, अक्षरं वर. आईनं संध्याकाळी बाबांना तो उलटा करून घ्यायला लावला. पाहुणे येतात, बरं दिसत नाही, म्हणाली.

"बरं दिसत नाही, म्हणाली?"

"तो काळ तसा होता. दगड कुठंतरी जाणारच होते. बाबा वाईट माणूस नव्हते, विनी."

"आणि खालची माणसं?"

"खालची म्हणजे?"

"ज्यांचे दगड होते ती. ती कुठं नेली?"

क्लेटननं थोडा विचार केल्यासारखं केलं. "ती तिथंच असतील," तो म्हणाला. मग म्हणाला की तू आता नीट वाळू घालून तो दगड बसव, कुणापाशी बोलू नकोस, उद्या घर विकायचं झालं तर उगाच लचांड नको. तब्येतीला जप, असंही म्हणाला. तिनं फोन ठेवला आणि हात टेबलावर तसाच राहू दिला. बाबा वाईट माणूस नव्हते, हे खरंच होतं. ते तिला खांद्यावर बसवून धक्क्यावर न्यायचे, आजारी शेजाऱ्याच्या दारातला बर्फ आपण होऊन उपसायचे, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणायचे. ते वाईट असते तर आता तिला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. पुलाच्या रस्त्यावरून ती आठवड्यातून चारदा गाडी नेत होती. तिथं चढावर गाडी जराशी उडते, सगळ्यांचीच उडते, आणि लहानपणी क्लेटन आणि ती मागच्या सीटवर त्या उडण्याची वाट बघत बसायची.

विल्मर बोर्डली मिल लेनच्या टोकाला राहत होते. एकोणऐंशी वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. त्यांची पुतणी डेल्फीन, ती परिचारिका, त्यांच्याबरोबर असे. एकवीस वर्षं त्यांनी विनिफ्रेडच्या घरी पत्रं टाकली होती. ती चालत निघाली. पुलाचा रस्ता ओलांडताना ती कडेला थांबली, एकामागून एक तीन गाड्या चढावर उडून गेल्या, आणि मग तिनं रस्ता ओलांडला तो धावत, रहदारी नसताना. विल्मर ओसरीत बसून कागदी पेल्यांत टोमॅटोची रोपं लावत होते. दोन पेले टेबलावर, एक हातात. तिला बघून ते उठू लागले आणि ती बसा बसा म्हणाली. ती त्यांना नेहमी विल्मर म्हणत आली होती आणि ते तिला प्रायरबाई. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस आहे, आणि यात काही विचित्र आहे, हे आजवर तिच्या मनातच आलं नव्हतं. वाटेत तिनं चार-पाच वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"मिस्टर बोर्डली," ती म्हणाली, आणि त्यांनी हातातला पेला खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. "माझ्याकडे एक दगड आहे."

"दारापासून तिसरा," ते म्हणाले.

त्यांनी बोटांवरची माती झटकली.

"नावातला एन उलटा आहे ना? तो माझा. बाबांना लिहिता यायचं नाही. मी नऊ वर्षांचा होतो. सिमेंट वाळायच्या आत लिहायचं म्हणून घाई, आणि आई माझ्या मागं उभी."

मग ते सांगत गेले, सावकाश, मध्ये मध्ये रोपाची माती अंगठ्यानं दाबत. त्यांचे वडील एझ्रा एकोणीस वर्षं रस्त्याच्या कामावर होते, हान्ससाहेबांच्या हाताखाली. त्या जूनमध्ये चढावरचे दगड काढायचं काम निघालं तेव्हा चर्चला सांगितलं होतं की सगळं नीट दुसरीकडे नेऊ, कागदही दाखवला होता. एझ्रांनी नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती आणि दुसऱ्या कुणीतरी ते दगड खाडीत लोटले असते. म्हणून ते गेले. वाटेवर घालताना एक दगड दुसऱ्या मजुराच्या हातून सरळ पडला. बाकीचे सगळे एझ्रांनी स्वतःच्या हातानं पालथे घातले, नावांवर कुणाचा जोडा पडू नये म्हणून. आणि स्वतःच्या लेकीचा दगड त्यांनी मुद्दाम दाराजवळ ठेवला. रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं ते विल्मरनी ऐकलं होतं. त्या घरी एक लहान मुलगी आहे, एझ्रा म्हणाले होते. दिवसभर बोलत असते. ओथेनियाला ऐकू येईल.

विनिफ्रेडनं डोळे मिटले आणि एक टोपी दिसली. गवतावर उपडी ठेवलेली, घामानं काळी झालेली टोपी. शेजारी गुडघ्यावर बसलेला माणूस, दगडाच्या चारी कडा तळहातानं ठोकून बघणारा, पुन्हा माती काढणारा, पुन्हा बसवणारा. आणि वडलांचा आवाज, की एका दगडाला अख्खा दिवस लावणार आहेस का. त्या माणसानं वर बघितलं होतं, वडलांकडे नाही, जाळीआड उभ्या असलेल्या तिच्याकडे. तू इथंच खेळतेस का, असं त्यानं विचारलं होतं. आपण काय उत्तर दिलं हे ती आता आठवू लागली. सगळ्या ताकदीनं आठवू लागली. आठवेना.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. वाक्य बाहेर पडलं आणि ते तक्रारीसारखं वाजलं हे तिलाही ऐकू आलं.

विल्मर रागावले नाहीत. वडलांची नोकरी होती, हान्ससाहेब होते, तोवर सांगण्याजोगं नव्हतं, ते म्हणाले. नंतर तुम्ही त्या घरी परत राहायला आलात आणि ती गल्ली माझ्या फेरीत आली.

"मला वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही विचाराल, मी गवतावरून का चालतो ते. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगणार होतो. मनात ठरवून ठेवलं होतं." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "तुम्ही मला विचारलं नाहीत, प्रायरबाई. तुम्ही पोस्टमास्तरांना लिहिलंत."

तिला ते पत्र आठवायला क्षणही लागला नाही, आणि इतकी वर्षं ते कुठं होतं याचंच तिला आश्चर्य वाटलं. क्रीम रंगाचा कागद. आपण वाट घातलेली असताना टपालवाला रोज हिरवळीवरून चालतो आणि वाटेला लागून त्यानं गवताचा एक पट्टा मारून टाकला आहे, तरी कृपया समज द्यावी. भाषा अगदी सभ्य होती. तिनं ते लेलँडला वाचून दाखवलं होतं आणि तो म्हणाला होता, छान लिहिलंयस. पुढल्या आठवड्यात विल्मर दारात आले होते, टोपी हातात धरून, माफी मागायला. ती ठीक आहे ठीक आहे म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक पत्रपेटी आणून फाटकाला ठोकली, म्हणजे आत यायलाच नको. जुन्या वळणाची अदब बघायची तर ती अशी, असं तिनं चर्चमध्ये चार बायकांना सांगितलं होतं. कितीतरी वेळा सांगितलं होतं. तो पट्टा तिला आता दिसत होता, सोळा दगडांच्या कडेकडेनं, एका माणसाच्या पावलाएवढा रुंद, आणि त्यावर तिनं टाकलेलं नवं बी.

मी आजच सगळे दगड उचलवते, ती म्हणाली. माणसं बोलावते, गाडी सांगते, तुम्ही म्हणाल तिथं पोचवते. ती भरभर बोलत होती. विल्मर मान हलवत राहिले आणि ते नकारार्थी आहे हे तिला उशिरा कळलं.

"घाई करू नका," ते म्हणाले. "तुम्हाला ते लवकर दारातून जायला हवेत, ते मला कळतं. पण ते आमचे आहेत. शनिवारी आम्ही येऊ. तोवर कशालाही हात लावू नका."

बुधवार ते शनिवार ती पुढच्या दारानं ये-जा करत राहिली आणि घराला वळसा घालून फाटकाकडे जात राहिली. कचऱ्याचा डबा तिनं गवतावरून ओढत परत आणला. घरात सगळं होतं तसं होतं, फक्त तिचे तळवे बदलले होते. अनवाणी चालताना फळ्यांमधल्या फटी, खिळ्याचं डोकं, गालिच्याची वीण, सगळं खालून वाचल्यासारखं कळे. नळ सोडला की वाटे, बाहेर ऐकू जातंय. ती फोनवरही हळू बोलू लागली, मग लक्षात आलं की हळू बोलणं बरोबर की मोठ्यानं बोलणं बरोबर हेच आपल्याला ठाऊक नाही. शुक्रवारी दुपारी खिडकीशी बसून तिनं दगड मोजले. ती आयुष्यभर सोळा म्हणत आली होती आणि ते सोळाच होते. याचा तिला कसला आधार वाटला कोण जाणे. पण दर दगडाशी एकेक नाव असेल असं मनात आल्यावर तिच्यानं तिथं बसवेना, आणि ती वरच्या मजल्यावर जाऊन पलंगाच्या कडेवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

शनिवारी सकाळी सात जण आले. विल्मर, डेल्फीन, चर्चमधले चौघे आणि एक म्हातारी बाई, जिला खुर्ची आणावी लागली. डेल्फीननं विनिफ्रेडशी हात मिळवला नाही आणि मिळवायचं टाळलंही नाही. तिच्या दोन्ही हातांत पाण्याची बादली होती. फाटकाकडून सुरुवात केली. दगड उचलायचा, फळीवर उताणा ठेवायचा, पाणी घालून ब्रशनं धुवायचा, आणि विल्मर वाचायचे. नाव, साल. काही दगड तासलेले, चांगले होते, काही नुसती सिमेंटची लादी. एखादं नाव वाचलं की म्हातारी हं म्हणायची, आणि कधी त्यापुढं एखादंच वाक्य. हा फेरीबोटीवर कामाला होता, हिचा आवाज मोठा होता गाण्यात. अकराव्या दगडावर काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त ओल्या सिमेंटमध्ये दाबलेले तीन शिंपले. तोही त्यांनी इतरांइतकाच वेळ धुतला. विनिफ्रेड दारात उभी होती. तिला कुणी जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. नावं तिला ऐकू येत होती आणि प्रत्येक नावाबरोबर आडनावं ओळखीची निघत होती. वर्गातल्या मुली, दुकानातला माणूस, आई आजारी असताना रात्री तिच्याजवळ बसणारी बाई.

दारापासूनच्या तिसऱ्या दगडापाशी विल्मरनी बाकीच्यांना थांबवलं. त्यांना गुडघ्यावर बसायला दोघांनी धरलं. त्यांनी स्वतः तो धुतला, अक्षरा-अक्षरातून बोट फिरवत, आणि वाचला नाही. मग मान वर न करता ते म्हणाले, "तुम्ही इथं खेळायचात का, प्रायरबाई?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं. नाही, मी कधी पाय ठेवला नाही, असं म्हणावंसं वाटलं.

"हो," ती म्हणाली. "खडूनं आकडे घालायचे. एका पायावर उड्या मारत जायचं. या दगडावर दोन्ही पाय टेकून थांबायचं असायचं."

"आणि बोलायचात?"

"आकडे म्हणायची."

"मोठ्यानं?"

"खूप मोठ्यानं. आई आतून ओरडायची, हळू म्हण म्हणून."

विल्मरनी मान हलवली. ते डेल्फीनकडे वळले, तिच्याशीच बोलल्यासारखे. "म्हणजे ऐकू गेलं असेल," ते म्हणाले.

दगड ट्रकमध्ये चढवले, मध्ये जुन्या रजया घालून. विल्मर पुढं बसले नाहीत. ते मागं, त्या लहान दगडाशेजारी, चाकावरच्या लोखंडी उंचवट्यावर बसले, आणि पुतणीनं काही म्हटलं तरी उठले नाहीत. मी येऊ का, असं विनिफ्रेडनं विचारलं. आज नको, ते म्हणाले. ते कडवटपणे म्हणाले नाहीत, आणि उद्या या असंही म्हणाले नाहीत. ट्रक पावलापावलानं वॉटर स्ट्रीटला लागला. ओसऱ्यांत बसलेल्या लोकांनी हात वर केले, इथं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना करतात तसे, आणि ट्रकमधून कुणीही हात केला नाही. ती फाटकात उभी राहून बघत होती. मागं दारापर्यंत सोळा खड्डे होते आणि त्यांत ऊन पडलं होतं.

गल्लीपलीकडचं जाळीचं दार दोनदा मिटलं. जिनिव्हा लॅम्डिन पायऱ्या उतरून आली, बागेचे हातमोजे तसेच हातात, त्र्याहत्तर वर्षांची, नीटनेटकी, तिच्या वडलांनी बांधून घेतलेल्या ओट्याचं तिला भारी वेड. सकाळपासून तिनं खिडकीतून बघितलं असणार, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत वाट बघून मगच ती आली होती. वाटेचं काम काढलंस वाटतं, ती म्हणाली. समितीला कळवलंस ना, नाहीतर तुझं तुलाच पत्र लिहावं लागेल. ती हसली. विनिफ्रेडला वाटलं, आपण हो म्हणावं. हो म्हणून आत जावं, हात धुवावेत. हे शहर त्याच एका शब्दावर उभं होतं आणि तो किती सोपा होता हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"ते कबरीवरचे दगड होते, जिनिव्हा," ती म्हणाली. आपला आवाज गल्लीभर गेला हे तिला जाणवलं. "चढावरच्या दफनभूमीतले. माझ्या वडलांनी ट्रकमधून आणून इथं घातले. त्यांच्या खाली नावं होती."

जिनिव्हानं अगं बाई म्हटलं नाही. कुणाचे म्हणून विचारलं नाही. तिचा चेहरा जसाच्या तसा राहिला, सभ्य, ऐकण्यासाठी जरासा झुकलेला. फक्त तिचे डोळे वळले. मान न वळवता, क्षणभर, नकळत, विनिफ्रेडच्या खांद्यावरून गल्लीपलीकडे आपल्या घराच्या मागच्या अंगणाकडे गेले आणि परत आले. तेवढं पुरलं. तो ट्रक त्या जूनमध्ये आणखी कुठं कुठं थांबला होता हे विनिफ्रेडनं कुणालाच विचारलं नव्हतं. त्या अंगणात सपाट, करड्या दगडांचा तो ओटा होता, मॅग्नोलियाच्या सावलीत, आणि दर उन्हाळ्यात संध्याकाळी त्या दोघी तिथं खुर्च्या टाकून बर्फ घातलेला चहा पीत बसत आल्या होत्या. तीस वर्षं, चपला काढून, कारण तिथं पायांना गार वाटायचं.